भीमाकाठचा भोपळा, मिरजेचा तंबोरा

तुमच्या गावात विठोबाचे देऊळ असेल, तर तेथे खुंटीला एक वीणा टांगलेली असणार. सप्ताह बसला की ती खाली उतरते. सात दिवस पहारा बदलत एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, भुईला टेकू दिली जात नाही, आणि काला झाला की पुन्हा खुंटीवर चढते. ही वीणा कोठून आणली असे गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळेल, "मिरजेहून."

पण मिरजेच्या आधी ती कोठे होती? वीणा भोपळ्याची असेल तर ती कोणाच्या तरी शेतात, वेलावर होती. चला तर मंडळी, आज त्या शेतापासून मिरजेच्या गल्लीपर्यंत जाऊन येऊ. वाट काही लांबची नाही.

पंढरपूरला तुम्ही गेलाच असाल. वारीला नाही तर लग्नकार्याला तरी. चंद्रभागेत हातपाय धुतले, दर्शन झाले, बुक्का-लाह्या घेतल्या की आपण परतीच्या गाडीला लागतो. नदीच्या काठाने थोडे खाली, मंगळवेढा-बेगमपूरच्या अंगाला गेलात, तर भीमेच्या काळ्या जमिनीत एक पीक दिसते ते बाजारात कधी दिसत नाही. हाही भोपळाच, पण भाजीचा नव्हे. गर कडू जहर. माणूस खात नाही, गुरे तोंड लावीत नाहीत. पावसाळ्यात बी टोकायचे, वेल पसरू द्यायचा आणि फळ धरले की पुढचे चार-पाच महिने धीर धरायचा. कारण हे फळ कोवळे तोडून चालत नाही आणि नुसते पिकूनही चालत नाही. वेलावरच ते वाळले पाहिजे. वेल सुकतो, पाने झडतात, आणि रिकाम्या रानात मोठमोठे भोपळे घागरी मांडल्यासारखे बसलेले दिसतात.

"बसलेले" हा शब्द मी जाणून वापरला. भोपळा एका कुशीवर पडून वाढला तर त्याचा घाट बिघडतो, म्हणून तो लहान असतानाच नीट बसवावा लागतो. खालून ओल लागली तर डाग पडतो, सड धरते, म्हणून बुडाशी काड किंवा पाचट द्यावे लागते. फार हलवला तर देठ तुटतो, आणि देठ तुटला की फळ वाढायचे थांबते. एवढे सारे करून साली सगळ्यांच्या सारख्या होत नाहीत. कोणाची जाड, कोणाची पातळ. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो, बाईमाणसाच्या तंबोऱ्याला त्याहून लहान, सतारीला आणखी लहान. हव्या त्या घेराचा, हव्या त्या घाटाचा आणि सारख्या सालीचा भोपळा शेकड्यातून थोडकाच निघतो. बाकीचे लहान वाद्यांना जातात, नाही तर फुकट. भीमेला अवेळी पाणी आले तर सगळेच जातात.

उजनीचे पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला. उसाला कारखाना आहे, भाव ठरलेला आहे, आणि रात्री झोपताना फारशी धाकधूक नाही. भोपळा करणारी घरे त्यामुळे थोडीच राहिली. जी राहिली ती बहुधा वडिलांनी केला म्हणून करणारी. त्यांना दोष देण्याचे कारण नाही आणि उसाकडे गेलेल्यांनाही नाही.

पंढरपूरहून मिरजेला रेल्वेने जावे. पूर्वी या मार्गावर बार्शी लाइटची लहान रुळांची गाडी होती. तिच्या चालीवरच्या गमती अजून म्हातारी माणसे सांगतात. आता रुळ रुंद झाले आहेत. सांगोल्याची डाळिंबे मागे पडतात, ढालगाव येते, कवठे महांकाळ येते, माळावर द्राक्षांचे मांडव दिसू लागतात, आरग गेले की मिरज. मोठे जंक्शन आहे. बेळगाव-हुबळीकडे, कोल्हापूरकडे, पुण्याकडे आणि पंढरपूरकडे अशा चार वाटा येथे फुटतात. गावाचे नाव दोन गोष्टींसाठी झाले. एक म्हणजे दवाखाने. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हापासून दूरदूरचे लोक दुखणे घेऊन येथे येतात. दुसरी गोष्ट म्हणजे तंतुवाद्ये. दवाखाना विचारावा लागतो. वाद्यांच्या गल्लीत मात्र आवाजाच्या मागाने जाता येते. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आसपास आत शिरलात की रंध्याची खरखर, कानशीची किरकिर आणि मध्येच एखादी तार छेडल्याचा लांबलेला आवाज कानावर येतो.

या गल्लीतल्या कारागिरांना सतारमेकर म्हणतात. कित्येक घरांचे आडनावच ते झाले. पण मूळचे हे शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घासून पाणी चढवणारे. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. पेशवाई असेतो पटवर्धन मोठे सरदार, त्यांच्या पदरी फौज, आणि फौज म्हटली की शिकलगार आलाच. १८१८ साली पेशवाई बुडाली. संस्थान राहिले, पण लढाया संपल्या. तलवार म्यानात गंजू लागली तर तिला धार लावायला कोण येणार? विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या एकच विद्या हातात, आणि त्या विद्येला गिऱ्हाईक उरले नाही.

मिरजेत सांगतात ते असे. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार नावाच्या कारागिराने एका गवयाचे बिघडलेले वाद्य दुरुस्त करून दिले. ते जमले. मग नवे करून पाहिले. तेही जमले. तंबोरे आणि सतारी तोवर उत्तरेतून येत. त्या मिरजेतच होऊ लागल्या. भाऊबंद त्या धंद्यात आले, दरबारने आश्रय दिला, आणि तलवारीची गल्ली तंबोऱ्याची झाली. आता सहा-सात पिढ्या झाल्या.

ऐकताना हे एखाद्या कहाणीसारखे वाटते. एक काम गेले, दुसरे मिळाले. पण माझ्या मते येथेच थोडे थांबून पाहिले पाहिजे. तलवार घासणाऱ्याला भोपळ्याचे काम का जमावे? सुताराला का नाही सुचले? शिकलगाराच्या हाताला पोलादावरचा केसाएवढा उंचवटा बोटाने कळत होता. किती दाबायचे आणि कोठे सोडायचे हे डोळ्याने दिसण्याआधी त्याच्या मनगटाला समजत होते. तंबोऱ्यात सगळ्यांत अवघड जे काम आहे, त्याला नेमके हेच लागते. काम गेले तरी हात रिकामा झाला नव्हता. ते काम कोणते, ते पुढे सांगतो. आधी भोपळा आत घेऊ.

हंगामात भोपळ्यांचे ढीग येथे येतात. एका दुकानासमोर मंगळवेढ्याकडचा एक शेतकरी आणि एक वयस्कर कारागीर यांचे बोलणे चालले होते ते ऐका.

"चाचा, घेर तरी बघा की! ५२ इंच भरतोय."

"घेर हाय हो पाव्हणं. पर हितं बोट लावा. ह्या कुशीला जाड आणि वर खांद्याला पातळ. बांधाच्या उताराला होता काय?"

"उतारालाच होता. तुमाला कसं कळलं?"

"एका अंगावर झोपलाय न्हवं त्यो. घेतो मी, पर तंबोऱ्याला न्हाई जायाचा."

कारागिराने ते शेत कधी पाहिले नव्हते. त्याने फक्त चार ठिकाणी टिचकी मारली होती. शेतकरीही हसला, कारण पुढच्या वेळी त्या बांधाचा भोपळा तो उचलून बसवणार होता.

निवडलेला भोपळा आधी पाण्यात भिजत घालतात. मऊ झाला की तोंड कापून आतला सुकलेला गर आणि बिया खरवडून काढतात. मग तोंड आत ओढले जाऊ नये म्हणून आत काटक्यांचे टेके देतात आणि तो पुन्हा वाळू देतात. हे साधे वाटते, पण येथे घाई केली तर भोपळा तडकतो आणि शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. बिया मात्र सहसा कोणी फेकीत नाही. चांगल्या भोपळ्याच्या बिया तेवढ्या वेगळ्या काढून, पुडी बांधून शेतकरी मागून नेताना दिसतो. फळ सबंध विकल्यावर त्याचे बी मिरजेतूनच परत न्यावे लागते, नाही का?

पुढे लाकडाचे काम. तून नावाच्या तांबूस लाकडाची दांडी, आतून कोरून पोकळ केलेली. भोपळा आणि दांडी यांचा सांधा सरसाने बसवतात. ताणलेल्या तारांचा सगळा ओढा याच सांध्यावर येतो, म्हणून येथे कसर ठेवून चालत नाही. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते. ती जाड राहिली तर वाद्य मुके होते, फार पातळ झाली तर काही वर्षांत तारांच्या भाराने खचते. किती पातळ करायची याचे माप कारागीर बोटाने दाबून आणि टिचकीचा आवाज ऐकून ठरवतो. मग नक्षी, लाखेचे काम, रंग, पॉलिश, खुंट्या. पाहणाऱ्याचा जीव नक्षीत रमतो. माझाही रमला. पण नक्षी चुकली तर वाद्य कुरूप होईल, बेसूर होणार नाही.

शेवटी तारा चढवतात, आणि मग ते अवघड काम येते. त्याला म्हणतात जवारी लावणे.

तबलीवर मध्ये एक लहान पाटासारखा तुकडा असतो, त्याला घोडी म्हणतात. पूर्वी ती हाडाची किंवा सांबरशिंगाची करीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिंगे बंद झाली, आता हाडाची, आबनूस लाकडाची किंवा कृत्रिम मालाची करतात. तारा या घोडीवरून जातात. वरून पाहिले तर घोडी सपाट दिसते. ती सपाट नसते. तिला अगदी किंचित उतार असतो, कासवाच्या पाठीचा शंभरावा भाग म्हणा. तार छेडली की ती या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि सुटते. त्या टेकण्या-सुटण्यातून एका तारेत अनेक सूर जागे होतात आणि तंबोऱ्याचा तो भरलेला, घुमणारा नाद तयार होतो. उतार थोडा जास्त झाला तर आवाज कोरडा, लाकडावर टकटक केल्यासारखा. थोडा कमी झाला तर तार नुसती झणझणते. हे "थोडे" म्हणजे कानशीचे एक-दोन हलके हात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो दोरा केसभर पुढेमागे केला तरी नाद बदलतो.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या शोधासाठी. पण त्याआधी, १९२१ साली, त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक निबंध लिहिला होता. तार ज्या ठिकाणी छेडली त्या हिशोबाने जे सूर उमटायलाच नकोत, तेही या वाद्यांत उमटतात, आणि त्याचे कारण ही घोडी आहे, असे त्यांनी दाखवले. तो निबंध आजही मिळतो. तो वाचून तुम्हाला जवारी का बोलते हे कळेल. पण जवारी लावता येणार नाही. रामन यांचे मोठेपण त्याने कमी होत नाही. कळणे आणि येणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे पोहायला शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आणि ही जवारी एकदा लावून भागत नाही. वाजवून वाजवून तारांचे चरे घोडीवर पडतात आणि नाद मंदावतो. मग पुन्हा मिरज. म्हणूनच मोठमोठे गवई या गावाशी बांधलेले राहिले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे होते. त्यांच्याजवळ शिकायला आलेला कुरुंदवाडचा मुलगा पुढे विष्णु दिगंबर पलुसकर म्हणून नावाजला आणि त्याने १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लहानपणी दारूकामाने त्याचे डोळे अधू झाले होते, आणि उपचारासाठी म्हणून तो मिरजेत आला होता. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलगी १९०५ साली मिरजेतच जन्मली. खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले, पण त्यांना आणून मूठमाती दिली ती येथे, दर्ग्यातच. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गवई हजेरी लावतात.

आता मुलांचे शिक्षण. गल्लीतला मुलगा सुरुवातीला काय करतो? झाडलोट, भोपळे भिजवणे, काच कागदाने घासणे. मग रंध्याचे काम, मग सांधा. जवारीला हात लावायला मिळायला पुष्कळ वर्षे जातात. तोवर तो काय शिकत असतो, तर ऐकायला. दिवसभर कानावर बरी आणि वाईट जवारी पडत राहते, आणि एके दिवशी बापाच्या आधी त्याला कळते की दुसरी तार अजून बंद आहे. हे कोणी शिकवले असे विचारले तर त्याला सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या कारागिराचे कौतुक आम्हाला कशाला? कशाला ते सांगतो. तुमच्या घरात तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी आजी किंवा चुलती होती ना? बैल चालताहेत, पायाखाली ढेकळे आहेत, आणि तिच्या मुठीतून दाणे असे सुटताहेत की ओळीत कोठे दाटी नाही की कोठे खाडा नाही. जमिनीत ओल कमी वाटली तर मूठ आपोआप थोडी सैल. ज्वारी हलकी आहे की भारी त्याप्रमाणे बोटे वेगळी. ती जवारीच होती. पण गावात तिला मजुरी मिळाली ती इतर बायांइतकीच, पुष्कळदा तीही नाही, कारण घरचे काम. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. चांगला कायदा होता, दुष्काळात त्याने लोक जगवले. पण त्यात अशा हातांच्या कामाला शब्द होता "अकुशल". चाड्यावर मूठ धरणारी बाई कागदावर अकुशल, भोपळा बसवणारा शेतमजूर अकुशल. खडी फोडण्याच्या कामापुरता तो शब्द असेल, पण तो माणसाला चिकटला, आणि हळूहळू आपणही आपल्या मुलांना सांगू लागलो की आम्हाला काही येत नाही, तुम्ही तरी शिका.

मूठ धरणाऱ्या बायकांचे काम आता यंत्राने केले आहे, आणि ट्रॅक्टरची पेरणी बरीही होते. त्याबद्दल रडायचे नाही. मिरजेतही तेच चालले आहे. विजेवर चालणारा लहान तंबोरा येऊन चाळीस वर्षे झाली. आता तर मोबाइलमध्ये तंबोरा वाजतो, त्याला जवारी लागत नाही, तो पावसाळ्यात उतरत नाही आणि एसटीच्या टपावर फुटत नाही. शिकाऊ विद्यार्थी तोच घेतो. गल्लीतली मुले शिकून दुसऱ्या नोकऱ्यांना लागली. कारागिरांची तक्रार गिऱ्हाइकाबद्दल नाही, गिऱ्हाईक देशातून आणि परदेशातून येतेच. त्यांची काळजी हाताची आहे. मागणी पाच-दहा वर्षे पडली आणि पुन्हा वाढली तरी निभावते. पण जवारी लावणाऱ्याने पोराला शेजारी बसवले नाही, तर एका पिढीत ते संपते. शिकलगारांना तलवार सोडून तंबोरा धरता आला, कारण तेव्हा हात जिवंत होता.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, जसे सांगलीच्या बेदाण्याला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळाले आहे. दुसऱ्या गावचा माल मिरजेच्या नावावर आता विकता येणार नाही. हे बरेच झाले. मानांकन गावाच्या नावाचे असते, म्हणून त्यात भीमाकाठच्या भोपळ्याचे नाव नाही. कारागीर मात्र ते विसरत नाहीत. कोणत्या शेतकऱ्याचा भोपळा चांगला निघतो हे त्यांच्या तोंडपाठ असते, आणि "अमक्याने यंदा भोपळा केला नाही" ही बातमी गल्लीत दुष्काळाच्या बातमीसारखी ऐकली जाते.

तुम्हाला जायचे असेल तर दिवाळीनंतर जा, हवा कोरडी असते आणि कामे जोरात असतात. एकदोन दिवसांचे काम करायचे असेल तर देवळातली वीणाच बरोबर घ्या. सप्ताहाच्या आदल्या दिवशी तिच्या तारा पिळून कशातरी बोलत्या करतात, त्यापेक्षा एकदा जवारी करून आणा. नेताना तारा सैल करा, भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळा आणि गाडीत ती मांडीवर ठेवा, फळीवर नको. परत आणल्यावर ओलीच्या भिंतीला टांगू नका.

आणि काम चालू असताना चहाला बाहेर जाऊ नका. तेथेच पायरीवर बसा. कारागीर घोडीवर कानस फिरवील, दोरा सरकवील, तार छेडील आणि मान हलवील. पुन्हा कानस, पुन्हा तार. त्याने काय बदलले ते ऐकू येते का पाहा. पहिल्या दोनतीन वेळा काही कळणार नाही. चौथ्या वेळी बहुधा कळेल.